पाय की सामान?

सबनीस काका कुणाच्याही घरी गेले की आधी बेल वाजवत नसत. ड्राइव्हवेवर पावलं मोजत. पाच पावलं म्हणजे त्यांची एक गाडी. मोजून झाल्यावर मान हलवत आणि यजमानाने दार उघडायच्या आत निकाल देऊन टाकत, "इथे तीन उभ्या राहतील." मग नमस्कार वगैरे.

त्यांची माझी पहिली भेट अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये झाली. मी नवी एसयूव्ही जागेत घालायचा पाचवा प्रयत्न करत होतो. आमच्या घरात माणसं तीन आणि गाडीत सीटा आठ. माकडटोपीतल्या एका म्हाताऱ्याने काचेवर टकटक केलं.

"ही गाडी आहे की बिऱ्हाड?"

"काका, इकडे स्नो असतो ना. मोठी गाडी लागते."

"स्नो रस्त्यावर असतो. आतल्या आठ सीटा कुणाला दाखवतोस? स्नोला?"

एवढं बोलून ते शेजारच्या हिरव्या, बेडकासारखे डोळे वटारलेल्या चिमुकल्या गाडीत बसले, एका झटक्यात बाहेर पडले, आणि मला दोन जागा मोकळ्या झाल्यासारखं वाटलं. तरीही सहाव्या प्रयत्नात मी ट्रॉलीला घासलोच.

त्या गाडीचं नाव सांगत नाही. तुम्ही शोधायला जाल आणि हा लेख अर्धवट राहील. काका तरुण असताना पुण्याच्या कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी फ्रान्सला पाठवलं होतं. तिथे शहरात फिरायची एक छोटी गाडी तयार होत होती, तिच्या कामात ते अडकले आणि दोनाची नऊ वर्षं झाली. बाहेरून आखूड आणि आतून ऐसपैस, एवढाच तिचा हट्ट. म्हणून चारही चाकं पार कोपऱ्यात ढकललेली, नाकापासून टपापर्यंत एकच उतार, आणि वेगाचा आकडा डॅशबोर्डच्या मधोमध, शेजारच्यालाही दिसेल असा. हे सगळं काका दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक करावं तसं सांगत. मग मागची सीट दाखवत.

"बाकी गाडी त्यांची. हिच्याखालचे दोन रूळ माझे."

खालची दांडी ओढली की ती सीट वीतभर सरकायची. मागे ढकलली की बसणाऱ्याचे पाय सुटे होत, पुढे ओढली की डिकीत सामान मावे. साहेबांना सीट पक्की ठोकलेलीच हवी होती. काकांनी लाकडाचा सांगाडा करून त्यात आपल्या घरमालकिणीला, चांगल्या जाडजूड बाईला, बाजाराच्या पिशवीसकट बसवलं आणि साहेबांना बोलावलं. बाई आधी पिशवीसाठी ओरडली, मग गुडघ्यांसाठी. रूळ मंजूर झाले.

तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न असे. मला टेक्ससमधून जास्त पगाराची ऑफर आली आणि मी बायकोला न विचारता निम्मा 'हो' म्हणून बसलो, तेव्हा काकांनी विचारलं, "पाय की सामान?"

"दोन्ही नाही का जमणार, काका?"

"नाही, राजा. मी रूळ बनवलेत. जागा तेवढीच असते." मग म्हणाले, "नऊ वर्षं मी सीट पुढे ओढून बसलो होतो. ही पुण्यात, मुलगा निखिल पुण्यात. मी घरी आलो तेव्हा तो मला 'अहो' म्हणाला."

मी टेक्ससला गेलो नाही. बायको याचं श्रेय आजही काकांनाच देते.

अमेरिकेत अशी परदेशी गाडी पंचवीस वर्षांची होईपर्यंत आणता येत नाही. काका निवृत्त होऊन निखिलकडे राहायला आले आणि वाट बघत बसले. गाडी पंचवीस वर्षांची झाली, जहाजातून आलीसुद्धा. पण त्याआधीच्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्या सीटवर त्या एकदाही बसल्या नाहीत.

पुढे काकांच्या नजरेच्या मधोमध डाग पडायला लागला. कडेचं दिसे, समोरचं नाही. माणसाशी बोलताना ते त्याच्या कानाकडे बघत. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात असे, आंघोळीलासुद्धा काढत नसत. ऑक्टोबरात एका दुपारी पिवळ्या स्कूलबसच्या कुशीतून 'स्टॉप'च्या पाटीचा हात बाहेर आलेला, म्हणजे सगळ्यांनी थांबायचं, असं असताना काका तिच्या शेजारून सरळ निघून गेले. मुलं उतरत होती. कुणाला लागलं नाही. ड्रायव्हरने नंबर घेतला.

निखिल माझ्याकडे आला. "यार मंदार, बाबा ऐकत नाहीत. डॉक्टरचंही नाही. तू बॅटरी डिसकनेक्ट कर ना. जुनी गाडी आहे, बंद पडली म्हणू."

"तू का नाही करत?"

"त्यांच्या गाडीला हात लावायचा? माझ्याकडून नाही होणार."

आता, मी कूलंटच्या टाकीत काच धुवायचं निळं पाणी ओतलेला माणूस. पण कुणी आपल्याला कामाचा समजलं की माझी छाती फुगते. शनिवारी दुपारी काका झोपलेले बघून मी दहाचा पाना घेऊन गॅरेजमध्ये शिरलो. व्हिडिओ बघून आलो होतो, अर्धा. लाल वायरच्या नटाला पाना लावला, फिरवला, तो बॉडीला टेकला आणि ठण्णकन ठिणगी उडाली. "आई गं!" मी शेजारच्या घरालाही कळेल असा ओरडलो.

दारात काका उभे होते. स्वेटर उलटा.

"कुठली आधी काढत होतास?"

"काय काका?"

"वायर. लाल की काळी?"

"लाल."

"गाढवा. काढताना काळी आधी. लावताना काळी शेवटी. म्हण."

बेचाळीस वर्षांचा मी, बोट तोंडात घालून म्हणालो, "काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी."

"निखिलने सांगितलं?"

"नाही हो, मी सहज, बॅटरी चेक करावी म्हटलं..."

"तू? निळं पाणी ओतणारा तू?"

काकांनी पाना उचलला. बॅटरीकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून, बोटांनी चाचपत त्यांनी काळी वायर काढली. मग लाल. दोन्ही टोकांना जुने मोजे गुंडाळले. "असं अर्धवट टाकून जाऊ नये. परत टेकली असती." मग दोरा डोक्यावरून काढला आणि किल्ली पान्यासकट माझ्या हातात दिली.

"पिवळं काहीतरी दिसलं होतं रे," ते माझ्या कानाकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, झाड आहे. ऑक्टोबर आहे ना, पानं पिवळी." मग म्हणाले, "निखिलला सांग, तूच काढलीस."

मी तेच सांगितलं. निखिलने मला मिठी मारली.

त्यानंतर काका गॅरेजमध्ये गेले नाहीत. आमच्या आठ सीटांच्या बिऱ्हाडात बसायला त्यांना स्टूल लागायचं. चढताना ते काही टोमणा मारतील म्हणून मी मुद्दाम थांबायचो. ते नुसते चढायचे. आमच्या ड्राइव्हवेवर उतरल्यावर पावलंही मोजायचे नाहीत. जानेवारीत चार दिवसांच्या न्यूमोनियाने गेले.

अस्थी आणायच्या दिवशी निखिल म्हणाला, "त्यांच्याच गाडीतून आणू या. तू बंद केलीस, तूच चालू कर."

खरं सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही. बॅटरी चार्ज करून आणली, लाल आधी लावली, काळी शेवटी. ठिणगी उडाली नाही. गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली.

फ्युनरल होममधून काळा डबा घेऊन निखिल बाहेर आला. "मांडीवर नाही जमणार रे. मागे ठेव." तो पुढे बसला. मागे दारं नव्हती, म्हणून मी माझ्या बाजूची सीट दुमडून आत वाकलो. मागची सीट पुढे ओढलेली होती. काकांची शेवटची ग्रोसरी, तांदळाची पिशवी, अजून डिकीत होती. ती मी पुढे, निखिलच्या पायाशी ठेवली. मग सीटखालची दांडी शोधली आणि सीट मागे ढकलली. ती रुळांवरून जराही न अडखळता वीतभर गेली, पार शेवटपर्यंत. डबा ठेवला, पट्टा लावला.

"मंदार, काय करतोयस मागे?"

"पाय," मी म्हणालो.