डॉक्टर मुकादमांची अडवलेली फेलोशिप

डॉ. नझीर मुकादम गेले, हे मला महिन्याभरापूर्वी फोनवर आलेल्या एका शोकसंदेशातून कळलं. रियाधच्या ज्या हॉस्पिटलात आम्ही दोघांनी नोकरी केली, तिथूनच तो फिरत फिरत आला होता. ‘आमच्या मानसोपचार विभागाचे आधारस्तंभ...’ वाचलं आणि डोकं सणकलं. रडू नंतर आलं, आधी राग आला. ज्याला तुम्ही जागचं हलू दिलं नाहीत, त्याला आता आधारस्तंभ म्हणता?

मी तिथे टायपिस्ट होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, इंग्रजी घेऊन बी.ए., आणि हे मी न विचारताही सांगायचो. डॉक्टर रत्नागिरीकडचे, मी महाडचा. आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की सगळे विषारी वायूच्या भीतीने गॅसमास्क चढवून, दारं-खिडक्या चिकटपट्टीने बंद करून बसायचे. दुसऱ्या दिवशी ओपीडीत कामगारांची रांग. छातीत दुखतंय, श्वास कोंडतोय, हात बधिर झालाय. ईसीजी मात्र नॉर्मल. बाकीचे डॉक्टर केसपेपरवर ‘काही नाही’ लिहून मोकळे व्हायचे. मुकादम स्टूल ओढून बसायचे. एका गवंड्याला त्यांनी विचारलं, “मामा, दुखायला लागलं तेव्हा हातात काय होतं?”

“मास्क, डॉक्टर. खोलीत आम्ही चौघं... मास्क एकच.”

एवढं बोलून तो ढसाढसा रडला, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवला. “शिंदे, दुखणं खरंच असतं,” डॉक्टर मला म्हणाले, “फक्त ते एकट्या हृदयात शोधून सापडत नाही.”

हेच रीतसर शिकण्यासाठी त्यांना परदेशातल्या एका विद्यापीठात फेलोशिप मिळाली होती. मानसोपचारतज्ज्ञ झाल्यानंतरचं दोन वर्षांचं शिक्षण. हृदय, पोट, मूत्रपिंड यांच्या वॉर्डांतच राहायचं आणि शरीर नि मन एकत्र तपासायचं. ठरल्या दिवशी हजर झालं नाही तर जागा दुसऱ्याला. पण पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या हॉस्पिटलकडे, आणि त्यांच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नव्हता. अर्ज मी लिहिला. डॉक्टर म्हणाले होते, “चार ओळी पुरेत. शिकायला जातोय, सोडा.” मी कसला ऐकतोय! दोन पानं ठोकली. युद्धामुळे वॉर्डावॉर्डांतून त्यांना कशी बोलावणी येतात, ते एकटे किती रुग्ण सांभाळतात, हे काम किती मोलाचं आहे... वाटलं, साहेबलोक वाचून हरखतील आणि अशा माणसाला हौसेने पाठवतील.

ऑफिसातल्या हैदराबादी अधिकाऱ्याने ती दोन पानं आमच्यासमोर टाकली. “डॉक्टरसाब, आपने ख़ुद लिखा है, आपके बग़ैर वॉर्ड नहीं चलते. फिर जाने कैसे दें? खलास.”

कालपर्यंत ज्याला सगळ्यात शेवटी बोलवायचे, त्याच्यावाचून आज हॉस्पिटल अडणार होतं! मी भडकलो. “साब, ये मैंने लिखा है, डॉक्टरने नहीं.”

“तो बहुत अच्छा लिखा है आपने,” तो हसत म्हणाला.

युद्ध संपलं, पासपोर्ट हातात आला, तोवर ती जागा दुसऱ्या कुणाची तरी झाली होती. पुन्हा तशी संधी आली नाही. डॉक्टर मला कधी रागावले नाहीत. जिन्यात एकदाच म्हणाले, “इंग्रजी मात्र झकास होतं हां, शिंदे.” त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी राग गिळला. मला तो अजून गिळता येत नाही. हॉस्पिटलवरचाही नाही आणि स्वतःवरचाही नाही.

गेल्या आठवड्यात रत्नागिरीला डॉक्टरांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नी जुबेदाभाभींनी कपाटातून एक फाइल काढून दिली. फेलोशिपचा अभ्यासक्रम होता तो, टपालाने मागवलेला. प्रत्येक विषयापुढे पेन्सिलीची खूण, शेजारी बारीक अक्षरात रियाधच्या रुग्णांच्या नोंदी. दोन वर्षांचा अभ्यास या माणसाने एकट्याने, ड्यूटी सांभाळून, कितीतरी वर्षं पुरवून केला होता. प्रत्येक पानाच्या तळाशी मार्गदर्शकाच्या सहीची रेघ. सगळ्या कोऱ्या.

“भाई, तुम्ही तरी करा सही,” भाभी म्हणाल्या. “तुमच्या डोळ्यांसमोरच शिकले ना ते?”

मी पेन काढलं... आणि परत खिशात ठेवलं. माझ्या दोन पानांनी त्या रेघा कोऱ्या ठेवल्या. तिथे माझंच अक्षर कोणत्या तोंडाने उमटवू?