समुद्राची वाट विचारली तेव्हा

विट्याच्या बाजूचे आम्ही गलाईवाले, म्हणजे जुनं सोनं आटवून चोख करणारे. देशात असं एक गाव दाखवा, जिथं सराफांच्या मागच्या बोळात आमच्यातला कुणी भट्टीपुढं घाम गाळत बसलेला नाही. उद्या चंद्रावर सराफ दुकान काढायला गेला, तर आमचा गडी आधीच तिथं मूस तापवत बसलेला सापडेल. माझ्या वाट्याला केरळातलं एक जुनं बंदर आलं. बावीस वर्षं काढली तिथं. बायको गावी, म्हातारा-म्हातारी, दोन म्हशी आणि डाळिंबाची बाग तिच्या गळ्यात.

ते बंदर मी तिला फोनवर दाखवायचो. समुद्र इतका जवळ, की भातात मीठ घालायला नको, खिडकी उघडी टाकली की झालं. दीपगृहाच्या उजेडात पोथी वाचता येते. देवळाचा हत्ती मला ओळखतो, वाटेत दिसलो की सोंड उचलतो. तिथल्या भाषेतले दोन शब्दही शिकवले. कडल म्हणजे समुद्र. एविडे म्हणजे कुठं. "आज गेलावता का कडलावर?" ती रोज विचारायची, आणि मी रोज जाऊन आलेलो असायचो.

तिला न्यायचं ते दरसाल पुढच्या साली. मग साखरेनं तिचे डोळे धरले. मिरजेच्या खेपा झाल्या, डोळ्यांत सुया झाल्या. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं. मी दुकान मोडायचं ठरवलं तेव्हा म्हणाली, "त्याआधी मला एकदा न्या. दिसंना का. तुमी दावा."

गेल्या हिवाळ्यात नेलं. सकाळी नाष्टा करून दुकानातून निघालो. तिनं माझा दंड धरला. "रोजच्या वाटंनं चला," म्हणाली. "घाई करू नका. आज काय भट्टी पेटवायची न्हाई."

सराफांची गल्ली संपेपर्यंत मी वाघ होतो. पुढं एक बैठं दुकान आलं, छत्र्या दुरुस्त करणारं. माझी जीभ वळवळली.

"हा बघ डच लोकांचा वाडा. सात मजले."

तिनं हात लांब करून भिंत चाचपली. "सात मजल्याच्या वाड्याला पत्रा लावलाय व्हय?"

"डागडुजी चाललीय."

"चालू द्या," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसली.

मग वखारी लागल्या. दारं उघडी, आतून असा वास की मीसुद्धा थबकलो. "सुंठ," ती म्हणाली. "आणि मिरी. आवं, हे कवा सांगितलं न्हाई तुमी!" उंबऱ्याशी बसलेल्या हमालानं तिला चाचपडत येताना पाहिलं, उठला आणि मूठभर मिरी तिच्या मोकळ्या हातावर घातली. एखादं पाखरू हातात आल्यागत ती मूठ मिटून चालू लागली. मी बावीस वर्षं त्या वासापासून दोन गल्ल्या अंतरावर तेजाबाचा धूर गिळत होतो.

वखारी संपल्या आणि तीन वाटा फुटल्या. मला त्यातली एकही ठाऊक नव्हती. समोरून एक सायकलवाला आला. तिला एका खांबाशी उभं केलं, चार पावलं पुढं गेलो आणि अगदी दबक्या आवाजात त्याला विचारलं, "कडल एविडे?"

तो हसला. समोरच्याच भिंतीकडं बोट दाखवून गेला.

मागं वळलो तर तिचं हसू गेलेलं. डोळे गेल्यापासून तिचे कान सशाला लाजवतील असे झालेत, हे मी विसरलो होतो.

"समुद्र कुटं म्हणून इचारलं तुमी त्याला?"

मी तिचा हात परत माझ्या दंडावर ठेवला.

"दुकानापासनं किती लांब हाय?"

"आसंल चार-पाचशे पावलं. तूच तर आलीस चालत."

"आणि बावीस वर्सं?"

तिथंच, भर रस्त्यात, सांगितलं. मागच्या खोलीत भट्टी. धूर रस्त्यावर जाऊ नये म्हणून दार लावलेलं. रविवारी कपडे धुवायचे आणि मेल्यासारखं झोपायचं. समुद्र होता तो सराफानं दिलेल्या कॅलेंडरावरचा. हत्तीही त्याच कॅलेंडरावरचा, ऑगस्ट महिन्यातला.

"तुला घोर लागू नये म्हणून गं."

"न्हाईच लागला," ती म्हणाली. "म्हणून तर आले न्हाई. मामंजी दोनदा म्हणाले, जा, म्हशी मी बघतो. एकदा तर पेटी भरलीवती. मग म्हटलं, माणूस तिथं राजावाणी फिरतोय, आपलं लोढणं कशाला त्याच्या गळ्यात." तिनं मुठीतली मिरी पदराच्या टोकाला बांधली. "एकदा म्हणायचं हुतं, धुरात बसलोय म्हणून. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिले असते."

तेव्हा तिला दिवा न लावता सुईत दोरा ओवता यायचा.

भिंतीला वळसा घालून आम्ही काठावर गेलो. उन्हं चढली होती. चिटपाखरू नव्हतं, उलथ्या होडीच्या सावलीत एक कुत्रं तेवढं झोपलेलं. तिला दगडावर बसवलं.

"आता जे हाय ते सांगा," ती म्हणाली. "पदरचं घालू नका."

सांगितलं. पाणी काठाला गढूळ, पलीकडं करडं. प्लास्टिकच्या बाटल्या. एक तुटकी जेटी. ती मान हलवत ऐकत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला काहीतरी दाखवतोय असं मला वाटलं.

तेवढ्यात पाणी फुटलं. रेडकाएवढा काळा कुळकुळीत मासा हवेत उडाला, उन्हात चमकला, परत बुडाला. त्याच्यामागं दुसरा.

मी ओरडलोच. "अगं, मासे! रेडकाएवढे! जोडीनं उड्या मारत्यात!"

"झालं," ती म्हणाली. "सुरू झालात."

"तुझ्या गळ्याची आण."

"असू द्या." तिनं चाचपडत माझा हात शोधला आणि वर दोनदा थोपटलं. "सांगा पुढं. ऐकतीया मी."

ते अजून उड्या मारत होते.