ताई तंबूत राहायला जातात

माझ्या थोरल्या नणंदबाई सूर्यालाही दमात घेतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मूळच्या परभणीच्या असल्यामुळे मीरा रोडच्या उन्हाला त्या ऊन मानायलाच तयार नसतात. "ह्याला ऊन म्हणतेत का माया? नुसतं घामाचं नाटक!" असं पदराने निथळता घाम पुसत सांगतात. लहानपणी पोलिओने त्यांचा उजवा पाय लुळा पडला, तेव्हापासून मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर. मे महिन्यात ते तव्यासारखं तापतं. मग ताई जुन्या सुती साडीच्या ओल्या चिंध्या त्याला गुंडाळतात, आपण माठाला गुंडाळतो तशा. कुणी टक लावून बघितलं तर "पाय गार करायला ठेवलाय" म्हणून मोकळ्या!

पोरांच्या सुट्टीत आम्ही वरसाव्याच्या पुढे एका वाडीत तंबू ठोकून दोन दिवस राहतो. गेल्या वर्षी तिथे ताईंना भोवळ आली आणि माझ्या नवऱ्याने फर्मान काढलं, "पुन्हा असं झालं तर ताईचं कॅम्पिंग कायमचं बंद." वर्षभर मीरा रोडच्या आमच्या पेणकरपाड्यातल्या घरात शिलाई मशीनपुढे बसणाऱ्या बाईची ही एवढीच चैन. झालं! यंदा ताईंनी आधीपासून उन्हाची तालीम धरली. भर दुपारी पंखा बंद, खिडक्या बंद, आणि घरातल्या घरात येरझाऱ्या. शेजारीण घाबरून आली, "दीदी, लाइट गया क्या?"

"नहीं भाभी, प्रॅक्टिस चालू है!"

वाडीत पोचल्यावर तर विचारू नका. कमरेला कांदा, डोक्यावर ओला पंचा, बाजूला पन्ह्याच्या बाटल्या, आणि आंब्याखाली खुर्चीत ताई. दर थोड्या वेळाने हुकूम सुटायचा, "सावली सरकली, मला सरकवा!" की आम्ही सगळे खुर्ची धरून उभे. वाडीची मालकीण म्हणाली, "काय गो, बाय झाडाला फेऱ्या घालते काय?" ताई जोरात हसल्या आणि तिलाही पन्हं पाजलं.

दुपारी मात्र हुकूम यायचे थांबले. मी जवळ गेले तर ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. "माया, डोळ्यापुढं अंधारी यायलीय. त्याला सांगू नको गं. एवढंच एक बाहेर पडणं हाय माझं." समोरून नवरा कलिंगड घेऊन येत होता. मला काय सुचलं कोण जाणे, "अगं आई गं!" म्हणून मी गवतावर धाडकन आडवी झाले.

एकच धावपळ! मला उचलून मालकिणीच्या पडवीत पंख्याखाली टाकलं. "मी बसते तिच्यापाशी, मला उचला," असं ताईंनी कसंबसं म्हटलं, म्हणून त्यांनाही आणलं. माझ्यासाठी आलेलं पन्हं मी त्यांना पाजलं, माझ्या कपाळावरचे गार पंचे त्यांच्या मानेवर ठेवले. नवरा डोकावला की मी कण्हायचे. पोरं बिचारी मला वारा घालत होती.

उन्हं कलल्यावर ताई टवटवीत! नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी मायाला घरीच ठेवू. तिला ऊन सोसत नाही."

"खबरदार!" ताई कडाडल्या. "ती येणार. मी हाय ना सांभाळायला!"

सगळे हसले, मीही हसले. पण पंच्याखाली ताईंनी माझा हात घट्ट धरला होता, तो त्या सोडतच नव्हत्या. साठीला आलेली ही बाई पुढच्या मे महिन्याला किती घाबरते, ते मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. त्यांना जितकी वर्षं यायचं असेल, तितकी वर्षं मी चक्कर येऊन पडायला तयार आहे.