आत्या पुढे चालली

काजूच्या मोहोराला एक तुरट-गोड, किंचित मादक गंध असतो. त्या गंधाने भारलेल्या एका सकाळी, रत्नागिरीच्या मिशनमधल्या मडमेच्या पडवीत बसून, मी तो शब्द प्रथम ऐकला: प्रिव्हीनियंट. काय त्याचा नाद! मला मुंबईला जाऊन शिक्षिकेची परीक्षा द्यायची होती आणि मडम मला इंग्रजी शिकवीत. त्यांच्या धर्मशास्त्रात हे विशेषण ईश्वराच्या कृपेला लावतात. माणसाने हाक मारण्याआधीच जी त्याच्या वाटेवर पुढे होते, ती प्रिव्हीनियंट कृपा. आणि गंमत अशी, की 'प्रिव्हेंट', म्हणजे अडवणे, हा शब्दही त्याच कुळातला! पूर्वी त्याचाही अर्थ पुढे जाणे एवढाच होता. जुने भाविक देवाला 'आम्हांला प्रिव्हेंट कर' असे चक्क विनवीत. पुढे चालणाऱ्याला अडवणारा कोणी ठरवले असेल? शब्दांनाही माणसांसारखे दुर्दैव भोगावे लागते का?

घरी येऊन मी हे आत्याला सांगितले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी परतलेली. नारळ खवता खवता ती थांबली.

"पुढे जाणं ही कृपा होय गो? आपल्यात त्याला आडवी जाणं म्हणतात."

ती हसली, मला हसवेना. घरातले कोणी प्रवासाला निघाले, की आत्या आपण होऊन माजघराच्या दारामागे जाई, आपले दर्शन कुणाच्या कार्यात विघ्न ठरू नये म्हणून. आणि माझ्या शिक्षणासाठी बाबांपाशी सर्वांत आधी शब्द टाकला होता तो हिनेच!

निघण्याच्या दिवशी आईने माझ्या हातावर दही घातले आणि सवयीने म्हणाली, "वन्सं, जरा आत व्हा हो."

मी उंबऱ्यावरच थबकले. "आत्या, तू पुढे चल. बंदरापर्यंत."

आईचा चेहरा उतरला. "अगो, शुभ कामाला निघालीस ना?"

"म्हणून तर!"

बाबांनी ट्रंक उचलली. आत्या बाहेर आली. विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर सावरीत, खाली मान घालून, ती पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या उतरू लागली. शेजारची दारे किलकिली झाली. मला नेणारा पडाव आगबोटीला लागेपर्यंत ती धक्क्यावर उभी होती.

मी नापास झाले.

घरात कोणी उघड बोलले नाही. शेजारच्या काकू मात्र "तरी वाटलंच होतं" असे म्हणून गेल्या. माझे गणित कच्चे होते, हे मी आत्याला परोपरीने सांगितले. तिने नुसती मान हलवली. मी पडवीत आले, की ती परसात जाई. मी विहिरीवर गेले, की ती देवघरात. एवढी मोठी मनस्विनी, एका निकालाने पुन्हा दाराआड गेली!

वर्षभर मी गणित घोटले. दुसऱ्या खेपेस दही खाऊन मी तिला हाक मारायला माजघराकडे वळले. दारामागे कोणीच नव्हते.

"वन्सं मघाशीच गेल्या बाहेर," आई हळूच म्हणाली. "मीच म्हटलं, जा."

अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे, पाखाडीच्या पहिल्या पायरीवर, माझी वळकटी काखेत मारून आत्या उभी होती. पाठ माझ्याकडे, तोंड समुद्राकडे.

"चल गो," मागे न पाहता ती म्हणाली. "बोट थांबायची नाही."

त्या खेपेस मी उत्तीर्ण झाले. पण पाखाडी उतरताना निकाल मला ठाऊक नव्हता, तिलाही नव्हता. पुन्हा काही विपरीत घडते, तर सारा बोल तिच्याच माथी येणार होता. तरीही ती पुढे चालत होती, ताठ मानेने, माझ्याकडे मागे वळूनही न पाहता.