मागची डावी काच

मी गाड्यांचं वायरिंग आणि सेन्सर बघणारा माणूस. गाडीत जे घडतं त्याला कारण असतं आणि मीटर लावला की ते सापडतं, यावरचा माझा विश्वास इतक्या वर्षांत कधी हलला नव्हता. गॅरेजमध्ये कुणी भुताखेतांचं सांगायला लागला की मी रेडिओ मोठा करायचो. म्हणून हे लिहायला संकोच वाटतोय... पण जे झालं ते झालं.

माझं गॅरेज डिचोलीत. मार्चमधली गोष्ट. बायकोचे मामा, भिकाजीमामा, सकाळीच किनाऱ्याकडच्या चोपड्याहून आपली जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. त्यांची मुलगी सुवर्णा बाळंतपणाला माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला आणि दोन महिन्यांच्या बाळाला चोर्ला घाटातून बेळगावला सासरी पोचवायचं होतं.

तक्रारी दोन. एक, चेक इंजिनचा पिवळा दिवा. आणि दुसरी —

"मागची डावी काच आपोआप खाली येता रे. स्विचाक कोण हात लावीत नाय. दिवो रवलो तर रवांदी, पण काच तेवढी धड कर. बाळाक धुळ लागता."

"कधी येते खाली?"

"गाडी बरीच चलली काय. काचो बंद करून, एसी लावून बसलों काय मगे."

मामा आमच्या घरी जेवायला गेले आणि मी कामाला लागलो.

स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला. इंजिनातून निघणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. स्क्रीनवर त्याची रेघ सारखी वरखाली नाचायला हवी. ही तळाला चिकटून होती, म्हणजे धुरात सतत जास्त ऑक्सिजन. सेन्सर गेला, असं मी ठरवूनच टाकलं. नवा बसवला, कोड पुसला.

मग काच. दाराचं पॅड काढलं. स्विच, वायर, मोटर — सगळं व्यवस्थित. दोष काही सापडेना आणि वेळ तर नव्हता. शेवटी काच पूर्ण वर नेली आणि मोटरचा कपलर, म्हणजे करंट देणारा वायरीचा जोड, काढून मोकळा सोडला. करंटच नाही तर काच खाली येणार कशी? पॅड न बसवताच ट्रायलला निघालो.

दुपारचे तीन वाजले असतील. सुर्ल्याच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक चालू होते, म्हणून काचा बंद, एसी चालू. स्कॅनर बाजूच्या सीटवर. रेघ जरा हलली आणि पुन्हा तळाला जाऊन बसली. नवा सेन्सरच खराब निघाला की काय? तेच बघत मी पुढे जात राहिलो.

परतताना एका ट्रकमागे अडकलो. कपाळ ठणकत होतं. उन्हाने असेल म्हटलं. धुराचा थोडा वास येत होता, तो पुढच्या ट्रकचा समजलो. जांभयांवर जांभया... स्टिअरिंग हातात आहे एवढंच कळत होतं.

आणि मागून आवाज आला. घुंऽऽ... काचेच्या मोटरचा.

गरम वारा आणि धूळ एकदम मानेवर आली. दचकून डोळे उघडले — म्हणजे ते मिटले होते! पुढचा ट्रक थांबलेला. जीव खाऊन ब्रेक दाबला. मध्ये हातभर जागा उरली असेल.

गाडी कशीबशी कडेला घेतली. उतरलो. तिथेच ओकलो. मग मागचं डावं दार उघडलं.

काच पूर्ण खाली होती. आणि कपलर मी सोडला होता तसाच, मोटरपासून वीतभर लांब लोंबत होता.

हात लावून बघितला. काच ओढणारी केबल तपासली — शाबूत. केबल तुटली तर काच धपकन पडते, मोटरचा आवाज करत सावकाश उतरत नाही. आणि तो आवाज मी ऐकला होता.

उघड्या हवेत थोडा वेळ उभा राहिलो आणि डोकं चालू लागलं. ठणका, जांभया, वास... सगळ्या काचा उघड्या ठेवून गाडी डिचोलीला आणली. इंजिन निवल्यावर पुन्हा चालू करून धुराच्या नळीवर साबणाचं पाणी टाकलं. सेन्सरच्या अलीकडे बुडबुडे आले. केसाएवढी चीर! नळीतला दाब प्रत्येक ठोक्याला कमी-जास्त होतो; कमी झाला की त्या चिरेतून बाहेरची हवा आत शिरत होती, म्हणून जुना सेन्सर ऑक्सिजन जास्त दाखवत होता. तो खरंच सांगत होता. कॉम्प्युटर उलट पेट्रोल वाढवत होता, त्याने धूर आणखी विषारी होत होता आणि दाब वाढला की त्याच चिरेतून बाहेर पडत होता. कुणीतरी फॉग लॅम्पची वायर ओढताना डॅशबोर्डखालचं रबरी बूच काढून टाकलं होतं. त्या भोकातून धूर थेट माणसं बसतात तिथे.

मामांना सगळं दाखवलं. ते बाकावर बसले.

"गेल्या आयतवारी म्हापशाक गेललों," ते हळू आवाजात म्हणाले. "मागे सुवर्णाक झोप लागलली. बाळ पण गप पडललां. मगे ती काच खाली इली आणि बाळ रडाक लागलां. मी सुवर्णाचेरच आरडलंय, स्विचाक हात कित्याक लावतंस म्हणून..."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू ती काच बंद केललंस?"

पहाटे ते घाटात असते. काचा बंद, एसी चालू, मागच्या सीटवर बाळ.

धुराची नळी बदलली, भोक बुजवलं, कपलर जोडला. दोन दिवस मी स्वतः काचा बंद करून तासतासभर गाडी फिरवली. स्क्रीनवर रेघ नाचत होती, डोकं दुखलं नाही, काच जागची हलली नाही. मगच गाडी मामांच्या ताब्यात दिली.

तिसऱ्या दिवशी सुवर्णाचा बेळगावहून फोन आला. "भावोजी, पोचलो. वाटेत काच एकदापण खाली आली नाही हो."

"बरं झालं," म्हटलं आणि फोन ठेवला.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियन लोकांना विचारलं. कुणी शॉर्ट म्हणतो, कुणी उरलेला करंट. मोटरला वायरच जोडलेली नसताना करंट येणार कुठून, याचं उत्तर कुणाकडे नाही. कुणी म्हणतं, गुंगीत होतास, कपलर काढल्याचा तुला भास झाला असेल. तसं असतं तर किती बरं झालं असतं... पण तो मी माझ्या हाताने काढला होता.