लिहिलेलं टिकतं म्हणे!

शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर गेल्या आठवड्याचा सुविचार आज सकाळीही तसाच होता : ‘बोललेलं उडून जातं, लिहिलेलं टिकतं. – लॅटिन म्हण.’ अक्षर सुरेख, माझंच. आज ते वाचून माझं डोकं फिरलं.

खिचडी शिजवणाऱ्या पार्वतीबाईंनी तीनदा सांगितलं होतं, "सर, टाकीची भिंत फुगलीय. पोरं तिथंच पाणी पितात." मी ऐकलं, हेडसरांनीही ऐकलं. परवा ती भिंत बाईंच्याच पायावर कोसळली. आज चौकशीला आलेले साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "बाईंनी लेखी कळवलं होतं का?" आयुष्यभर अंगठा उठवणाऱ्या बाईंनी! आणि आम्ही दोघं पदवीधर माना खाली घालून गप्प.

कुठल्या रोमन शहाण्याची ही म्हण, कोण जाणे. पण ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती ऐकूनही न ऐकलेल्यांना. कागद नाही ना? मग कुणी काही बोललंच नव्हतं.

संतापून मी डस्टर उचललं. लिहिलेलं एका फटक्यात गेलं. बाईंचं ‘सर, भिंत फुगलीय’ मात्र कानातून हलायला तयार नाही.