उभं राहायच्या जागा

कपात चुना होता. हॉटेलच्या मालकानं आदल्या दिवशी भिंतीला चुना मारला होता आणि कालवायला त्याला भांडं सापडलं नव्हतं. बाहेरच्या कोनाड्यात माझा कप होता. कान तुटलेला, काठाचे दोन टवके उडालेले. त्यानं तोच घेतला.

मी म्हणालो, "मालक, कपात चुना हाय."

तो किटली घेऊन उंबऱ्यावर उभा होता. म्हणाला, "मग धू की. तुझाच हाय. दुसरं कोण पितंय त्यात?"

आत बाकावर माझे दोन मित्र बसले होते. त्यांतला एक हसला.

मी पाणी मागितलं. मालकानं लांबून तांब्या कलता केला. मी अंगठ्यानं कप घासला. टवक्यात बसलेला चुना निघाला नाही. मग त्यानं हातभर वरून चहा ओतला, किटलीची तोटी कपाला लागू नये म्हणून. मी प्यायलो. जीभ दोन दिवस हुळहुळत होती.

राग आला नाही. मनात एवढंच आलं, की पुढच्या वेळी कप आधी बघून घ्यावा.

बीडहून निघणाऱ्या सरकारी सडकेच्या कामावर मी हत्यारं सांभाळत होतो. कुदळी, पहारी, घमेली, दोर. सकाळी द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. गावात मौलवीसाहेबांनी मशिदीच्या ओट्याखाली बसवून मला उर्दू अक्षरं शिकवली होती, म्हणून महाराचा असूनही माझ्या हातात कुदळीऐवजी कागद आला. बायको गावाकडं. दिवसभर हत्यारांशी बोलायचं, रात्री छपरात एकट्यानं भाकरी थापायची.

निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची. शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं पेठेत जायचो. एक नारायण. तलवाड्याच्या जमीनदाराच्या घरातला, भावांशी भांडून आलेला, कामावर मापाची साखळी धरायचा. दुसरा यासीन, हत्यारांना धार लावणारा लोहार. नारायण मला "बे" म्हणायचा. मी त्याला नारायणराव म्हणायचो. रोजंदारी दोघांची सारखीच होती.

चहा, भजी, कधी शिगेवरचे कबाब. हसायचं, मुकादमाची नक्कल करायची. आठवड्यातले तेवढे दोन-तीन तास मला माणसांची संगत मिळायची. ती सुटू नये म्हणून मी काहीही केलं असतं. केलंच.

मी यादी केली. हत्यारांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरात. पेठेतलं हॉटेल: कोनाड्यापाशी उभं राहायचं, आत बघायचं नाही. नदीकाठची भज्यांची गाडी: चार पावलं लांब, पान जमिनीवर ठेवायचं, गाडीवाला वरून टाकतो. कबाबवाला: गाडीच्या मागच्या अंगाला, धूर जातो तिकडं. जिलबीवाला: जायचं नाही. अशी अकरा ठिकाणं होती. नारायणनं विचारलं, "आज कुठं बे?" की मी असं ठिकाण सांगायचो जिथं त्या दोघांची अडचण कमीत कमी होईल. त्यांना वाटायचं, मला भजी फार आवडतात.

भज्यांच्या गाडीवर चटणीचा एकच वाडगा होता. सगळे त्यात बुडवायचे. मला बुडवता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी यासीननं वाडगा माझ्याकडं सरकवला आणि गाडीवाल्याचा हात थांबला. मी लगेच म्हणालो, "चटणी मला सोसत न्हाई." पुढं सात वर्षं नारायण सगळ्यांना सांगत होता, "ह्याला तिखट चालत न्हाई. महाराचा हाय पण जीभ बामनाची." मीही हसायचो. मिरची नसली तर माझी भाकरी घशाखाली उतरत नाही.

कबाबवाला यासीनचा मामू लागत होता. त्यानं एकदा मला मागं बोलावून सांगितलं, "हमकू कुछ नहीं है भाई. पर गिऱ्हाइक बिदकते. तू उधरच खड़ा रह." चांगल्या आवाजात सांगितलं. मी वहीत लिहिलं.

एका उन्हाळ्यात मी रजेवर गावी गेलो. परतताना लिंबागणेशला मामाकडं थांबलो. आईचा थोरला भाऊ. पन्नाशी उलटलेला. सगळं आयुष्य दगड फोडण्यात आणि वेठीत गेलेलं, बीड कधी बघितलं नव्हतं. कामावर माणसं पाहिजे होती. मी म्हणालो, "मामा, पुढच्या शुक्रवारी या. मी मुकादमाला सांगतो." त्याला माझा धुतलेला फेटा दिला, धोतर दिलं. बीडात कसं वागायचं तेही सांगितलं. वही काढून अकराच्या अकरा ठिकाणं वाचून दाखवली.

मामा भाकरी खात होता. म्हणाला, "लई ध्यानात ठिवलंस रं लेका. त्या जिलबीवाल्यानं तुला कवा हाटकलं?"

"न्हाई हाटकलं. तिथं मी गेलोच न्हाई."

"मग तुला कुणी सांगितलं?"

"मामा, ते समजून घ्यायचं असतं."

त्यानं वहीकडं बघितलं. भाकरीचा तुकडा मोडला.

शुक्रवार आला. मामा पहाटे निघून दुपारी पेठेत पोचला. मी सांगितलं होतं तसा हॉटेलच्या कोनाड्यापाशी उभा राहिला. डोक्याला माझा पांढरा फेटा, अंगावर स्वच्छ धोतर, पांढऱ्या मिशा. मालकानं आतून बघितलं आणि हाक मारली, "या पाव्हणं, आत या. उन्हात का म्हून उभे?"

मामानं मागं वळून बघितलं, कुणाला बोलावतोय म्हणून. मागं कुणी नव्हतं.

"अहो पाटील, तुमालाच म्हणतोय. बसा."

मामा आत गेला. बाकाच्या टोकावर बसला. मालकानं कपबशीत चहा दिला, पाणी दिलं, गाव विचारलं, पाऊसपाण्याचं विचारलं. हे मला मामानं नंतर सांगितलं.

मी, नारायण आणि यासीन आलो तेव्हा तो बशीत फुंकर घालत होता. ते दोघं आत गेले. मी उंबऱ्याबाहेर माझ्या जागेवर थांबलो आणि मामा दिसला. सात वर्षांत मी बीडात पुष्कळ सवयी बदलल्या होत्या. आपलं वडीलधारं माणूस दिसलं की वाकायचं, ही बदलली नव्हती. मी वाकलो.

"जोहार मामा."

रामराम सगळ्यांचा असतो. जोहार फक्त आम्हा महारांचा.

किटली खाली ठेवल्याचा आवाज आला. मालकानं माझ्याकडं बघितलं, मामाकडं बघितलं. विचारलं, "हा तुझा कोण?"

काहीही सांगता आलं असतं. ओळखीचा, वाटेत भेटलेला. चटणीचं खोटं चटकन सुचलं होतं, हे सुचलं नाही. मी म्हणालो, "आईचा भाऊ."

त्यानं मामाच्या हातावर फटका मारला. बशी फुटली. चहा धोतरावर सांडला. "पाटील म्हणून पाजला रे मी तुला! महारड्या, बाकावर बसतो?" दोन गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. एक म्हणालं, "बाटवलं की सगळं."

मामा म्हणाला, "तुमीच बोलावलं मालक." खरं तेच म्हणाला. त्यावर त्याला ढकलत बाहेर आणलं. फेटा आतच पडला.

पुढं मी काय केलं ते क्रमानं सांगतो. पहिल्यांदा म्हणालो, "चुकलं मालक, नवा माणूस हाय." मग मालकानं सांगितल्यावर समोरच्या गोठ्यातून शेण आणून उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्यानं बाक शेणानं सारवायला घेतला. सारवता सारवता म्हणाला, "त्याला म्हणावं, नाक घास." मी मामाला म्हणालो, "घासा मामा. लवकर मिटंल." मामा माझ्याकडं बघत राहिला. मी पुन्हा म्हणालो, "घासा."

त्यानं घासलं. भर उन्हात, तापलेल्या पायरीवर, पांढऱ्या केसांनिशी.

यासीन एवढंच बोलला, "जाने दो मालक, बुढ्ढा आदमी है." नारायण मला म्हणाला, "आधी सांगून ठिवायचं व्हतं बे त्याला. तू तर लई हुशार." मग दोघांनी चहा संपवला. ओतलेला होता, निवला असता.

  माझ्या लक्षात होतं ते एवढंच, की फेटा आत राहिलाय आणि तो आता मिळणार नाही.

मी मामाला नदीवर नेलं. त्यानं नाकावरचं रक्त धुतलं. सालटं निघालं होतं. बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसला. मग म्हणाला, "त्यानं मला वळखलं नव्हतं."

"हं."

"तुझ्या तोंडानं कळलं. असू दे. जोहार घालशील न्हाई तर काय करशील. ते न्हाई मी धरत." त्यानं पाय पाण्यातून काढले. "पर एक इचारू? नाक घास म्हणून कोण म्हणलं?"

"मालक म्हणला."

"त्यो एकदा म्हणला. तू दोनदा म्हणलास."

आवाज चढला नव्हता. चिडून बोलला असता तर मला काही उत्तर देता आलं असतं.

मी म्हणालो, "कामाचं मुकादमाला उद्या सांगतो."

"काम नगं," मामा म्हणाला. "गावात मला लोक हाकलतेत. हितं आपलाच माणूस जागा दाखवतो, हितं ऱ्हा, तितं ऱ्हा. त्यापरीस गाव बरा." आणि उघड्या डोक्यानं लिंबागणेशच्या वाटेला लागला. मी थांबा म्हणालो नाही. थांबून कुठं नेलं असतं?

आठवडाभर हत्यारं दिली आणि घेतली. एकही कमी भरलं नाही. रात्री वहीची शेवटची पानं उघडली आणि प्रत्येक ठिकाणापुढं लिहायला लागलो, इथं मला कुणी काय म्हणालं होतं. अकरापैकी पाच ठिकाणांपुढं लिहायला काहीच निघालं नाही. त्या पाच जागा मी मनानं काढल्या होत्या. त्यांनी हाकलण्याआधी मीच स्वतःला हाकललं होतं. त्यांनी नक्कीच हाकललं असतं, यात मला शंका नाही. पण त्यांना ते तोंडानं म्हणावं लागलं असतं, हातानं करावं लागलं असतं, चारचौघांत. त्यांचे ते कष्ट मी वाचवले होते. ती पानं मी फाडली नाहीत. अक्षर माझं आहे.

पुढच्या शुक्रवारी नारायणनं नेहमीसारखं विचारलं, "आज कुठं बे?"

"हॉटेलात."

"वा! वाटलं, मामामुळं रुसलास."

ते दोघं आत बसले. मालक किटली घेऊन उंबऱ्यावर आला. मी कोनाड्याला हात लावला नाही.

"काढ की कप."

"आत ओता मालक. बाकावर बसतो. न्हाईतर ओतू नका."

तो हसला. "मामाचं नाक भरून आलं का?"

नारायण आतून म्हणाला, "पी की बे. कशाला उगं तमाशा? इतकी वर्सं चांगलं चाललं व्हतं आपलं."

"तुझं चाललं होतं," मी म्हणालो. "तू बाहेर ये. माझ्यासंगं उभ्यानं पी. येतोस?"

सात वर्षांत मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हणालो होतो. बाकी सगळं त्याच्या कानावरून गेलं. तेवढंच ऐकू आलं. "मला तू म्हणतो? मला?" तो उठला. यासीन कप हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत आला होता. नारायणचा चेहरा बघून तिथंच थांबला आणि परत जाऊन बसला.

मी उंबरा ओलांडला आणि बाकावर बसलो. लाकूड गार होतं. चार श्वास घेतले असतील. मग मला ओढलं. कोणी किती मारलं ते सांगता येत नाही, पण पहिला हात नारायणचा होता. खालचा एक दात गेला. पायरीवरून सडकेवर पडलो. उठलो, धोतर झाडलं, चालत छपरात आलो. रडू आलं नाही. भूक लागली होती. भाकरी थापली, ठेचा वाटला, पोटभर खाल्लं.

नारायण त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. यासीन धार लावून हत्यारं आणून ठेवतो, सलाम करतो. त्याला वाईट वाटतं हे मला दिसतं. त्याच्या वाईट वाटण्याचं मी काही करू शकत नाही. शुक्रवार रिकामा झाला तो झालाच. मामा वर्षभरात गेला. माफी मागायला गेलो होतो, तर म्हणाला, "माफी मला कशाला? दुसऱ्या कुणाला जागा दाखवू नगं."

आता माझी चाळिशी उलटली आहे. हत्यारं अजून माझ्याच ताब्यात आहेत. आमच्यातला कुणी नवा कामावर आला की विचारतो, "तात्या, पेठेत आपल्याला चहा कुठं मिळतो?"

"आत. बाकावर."

"मारत्याल की."

"मारतील. म्हणून एकटा जाऊ नको. शुक्रवारी मी येतो. आधी मी बसणार."

मागच्या वेळी आम्ही चौघं होतो. चौघांनाही बाहेर काढलं. मालकानं विचारलं, पुन्हा येशील का. मी म्हणालो, सुट्टी दर आठवड्याला असते. या शुक्रवारी सोळा जणांनी येतो म्हणून सांगितलं आहे. आत दोन बाक आहेत, सोळा माणसं मावत नाहीत. आम्ही पाळीपाळीनं बसणार आहोत.